हात बधिर होतात. हँडल बदलू की गाडीच विकू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक ३८ वर्षांचे, औषध कंपनीचे प्रतिनिधी, म्हणजे एमआर. राहायला कराडला. कराड, पाटण, कोरेगाव, सातारा असा भाग त्यांच्याकडे असल्यामुळे रोज साठ ते शंभर किलोमीटर दुचाकीवर जातात. आधी कैक वर्षं १०० सीसीची साधी गाडी होती, तिच्यावर कधी काही झालं नाही. गेल्या दिवाळीत हप्त्यावर १६० सीसीची नवी गाडी घेतली आणि तेव्हापासून हात बधिर होऊ लागले. साताऱ्याकडे निघालं की उंब्रजच्या आसपास उजव्या हाताला मुंग्या सुरू होतात, नागठाण्यापर्यंत बोटं आपली नाहीतच असं वाटतं. पाटण रस्त्याला हा त्रास कमी. कराडात दत्त चौकातल्या गर्दीत मात्र डावा हात भरून येतो. गॅरेजवाला म्हणतो, नव्या गाडीचं व्हायब्रेशन आहे, सवय होईल. मित्र म्हणतो, उंच हँडल टाक, दोन-अडीच हजारांत काम होतंय. सहकाऱ्याच्या सांगण्यावरून जेलचे ग्लोव्ह्ज घेतले, पण फरक शून्य; उलट त्रास किंचित वाढला. पत्नीचं म्हणणं, गाडी विका, स्कूटर घ्या आणि एकदा डॉक्टरला दाखवा. हँडल बदलू की गाडीच विकू, असा त्यांचा प्रश्न आहे. ताजा कलम: "हल्ली रात्री कधी कधी हात जड होऊन जाग येते. झटकला की बरं वाटतं. पण तेव्हा गाडीवर नसतो, त्यामुळे त्याचा याच्याशी संबंध नसावा."

उत्तर

नमस्कार.

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ताज्या कलमात टाकलीत, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. हँडलकडे नंतर येऊ.

रात्री हात जड होऊन जाग येणं आणि झटकल्यावर बरं वाटणं, हे मनगटात नस दाबली जात असल्याचं नेहमीचं लक्षण. मनगटाच्या आतल्या बाजूला हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून अरुंद वाट जाते. बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस त्या वाटेत दाटीवाटीनं असतात. मनगट वर किंवा खाली दुमडलं की आतला दाब वाढतो. झोपेत आपलं मनगट दुमडलेलं असतं आणि ते आपल्याला कळतही नाही. कार्पल टनेल सिंड्रोम हे नाव तुम्ही डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसून माझ्याहून जास्त वेळा ऐकलं असेल. तुम्हाला तोच आहे असं मी म्हणत नाही, ते तपासूनच कळेल. पण "तेव्हा गाडीवर नसतो, म्हणून संबंध नाही" हा हिशेब मला उलटा वाटतो. गाडीवर नसतानाही होतंय, याचा अर्थ सगळं खापर गाडीवर फोडता येणार नाही. कदाचित दुखणं आधीपासून डोकावत होतं आणि नव्या गाडीच्या बैठकीनं ते उघड केलं.

आता एक काम करा. पुढच्या वेळी हात बधिर होईल तेव्हा गाडी बाजूला घ्या आणि नेमकी कोणती बोटं गेली आहेत ते बघा. "हात बधिर होतो" असं सगळेच म्हणतात, पण अख्खा हात क्वचितच बधिर होतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू गेली असेल, तर ती वर सांगितलेली मनगटातली नस. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू गेली असेल, तर नस वेगळी. ती तळहाताच्या टाचेतून, करंगळीच्या बाजूला मनगटाशी जे छोटं गोल हाड हाताला लागतं त्याच्या शेजारून जाते. तळहाताचा नेमका तोच भाग हँडलवर टेकवून वजन दिलं की ती दबते. हीच नस वर कोपराच्या मागूनही येते. रात्री आडवं पडून, कोपर दुमडून मोबाइलवर दिवसाचा रिपोर्ट भरत असाल, तर तिथेही तिच्यावर ताण येतो. आणि मुंग्या मानेपासून किंवा खांद्यापासून खाली उतरत असतील, मान एका बाजूला वळवल्यावर वाढत असतील, तर मूळ मानेत असू शकतं. तीन वेगळ्या जागा आणि तीन वेगळे उपाय. उंच हँडल यातल्या फार तर एकाला थोडंफार उपयोगी पडेल.

दिवसभर डॉक्टरांच्या दारात बसणारा माणूस स्वतःच्या हातासाठी डॉक्टरांशी बोलत नाही, हे मला नवल वाटत नाही. धंद्याच्या ओळखीत स्वतःचं दुखणं काढायला संकोच वाटतो. तरी या आठवड्यात वेळ काढाच. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, बी-१२ कमी असणं या तिन्हींमुळे हातात मुंग्या येऊ शकतात आणि तिन्ही साध्या रक्त तपासणीत कळतात. शाकाहारी असाल तर बी-१२ कडे विशेष लक्ष द्या. आणि कृपा करून बॅगेतली मिथाइलकोबालामिनची, म्हणजे बी-१२ च्या गोळ्यांची, पट्टी आधी फोडू नका. गोळ्या सुरू केल्यावर रक्तातला बी-१२ चा आकडा वर दिसतो आणि मूळ कमतरता होती की नव्हती ते कळायला मार्ग उरत नाही. आधी रक्त द्या, मग गोळीचं डॉक्टर सांगतील. गरज वाटली तर ते एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगानं जातो ती तपासणी, करतील. सुरुवातीच्या कार्पल टनेलमध्ये बरेचदा रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायला देतात, तेवढ्यानंही अनेकांना आराम पडतो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: हातातून वस्तू निसटणं, शर्टाचं बटण लावताना बोटं न ऐकणं, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग दुसऱ्या हातापेक्षा बसलेला दिसणं, गाडीवरून उतरून तास-दोन तास झाले तरी बधिरपणा न जाणं, थंडीत बोटं पांढरीफटक पडणं. यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर गाठा. गाडीचं नंतर पाहता येईल.

आता गाडीकडे.

गॅरेजवाला व्हायब्रेशन म्हणाला आणि तुम्ही ते धरून बसलात. मला तितकी खात्री नाही, पण तपासायला पैसे पडत नाहीत. एक सिलिंडरच्या गाडीत पिस्टन वरखाली जाताना हादरा बसतोच. काही इंजिनांत तो खाणारा बॅलन्सर असतो, काहींत नसतो. हा हादरा इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांना हँडलमध्ये जास्त जाणवतो. तुमच्याच आरशात बघा. ज्या वेगाला आरशातली मागची गाडी धूसर, थरथरती दिसते, त्याच वेगाला मुंग्या येतात का? आणि मागेपुढे पाच-दहाचा फरक केला, किंवा मोकळ्या रस्त्यावर तोच वेग एक गिअर खाली घेऊन धरला, तर मुंग्यांत फरक पडतो का? पडत असेल तर व्हायब्रेशनचा वाटा आहे. आरसा स्वच्छ आणि हात तरीही बधिर, असं असेल तर गॅरेजवाल्याचं निदान चुकलं.

वाटा असेल, तरी "सवय होईल" हा सल्ला मानू नका. नसांना सवय होत नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला इंजिनाचे माउंटिंग बोल्ट, हँडलच्या पकडीचे बोल्ट आणि चेनचा ताण मॅन्युअलप्रमाणे बघायला सांगा. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग, ढिला आहे का, तेही बघू द्या. हँडलच्या दोन्ही टोकांना असलेली वजनं जागेवर आहेत का ते तुम्हीच बघा. ती शोभेची नसतात, हँडलचा कंप कमी करण्यासाठीच बसवलेली असतात. गाडी एकदा पडली किंवा कुणी हँडगार्ड बसवून दिले की त्यातलं एखादं गायब होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि टायरमधली हवा! पंपावर पोरगं विचारतं "किती?" आणि आपण "मार पस्तीस" म्हणतो. गाडीवर स्टिकर असतो, त्यावर पुढचा आणि मागचा आकडा वेगळा छापलेला असतो. पुढच्या चाकात हवा जास्त झाली की रस्त्याचा प्रत्येक खडा थेट मनगटाला लागतो.

पण तुमच्या पत्रात एक धागा आहे, त्यामुळे मला व्हायब्रेशनपेक्षा बैठकीचाच संशय जास्त येतो. पाटणच्या रस्त्याला त्रास कमी, हायवेला जास्त. पाटण रस्त्यावर तुम्ही सतत हलता. गिअर बदलता, ब्रेक लावता, वळणावर अंग टाकता, ट्रकमागे थांबता. हायवेला उंब्रजपर्यंत एकच पकड, एकच कोन, एकच वेग. हात एकाच जागी खिळलेला, आणि त्याच्यावर वजन.

हे वजन किती आहे ते घरासमोरच कळेल. गाडी डबल स्टँडवर लावा. स्टँड नसेल तर कुणाला तरी नीट धरायला सांगा. हायवेला बसता तसेच बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा, आणि दोन्ही तळवे ग्रिपवरून बोटभर वर उचला. अंग पुढे कोसळतंय? मग आतापर्यंत ते अंग तुमच्या तळहातांनी तोलून धरलं होतं. आणखी जोर लावून सावरू नका, कुठे चुकतंय ते शोधा. गुडघे बघा, टाकीपासून लांब फाकलेले असतील. ते आत घेऊन टाकीला हलके दाबा. कमरेतून पोट किंचित आत घ्या, पाठ ताठ नको पण कुबडही नको. पुन्हा हात उचलून बघा. बहुतेकांना इथेच फरक जाणवतो. १०० सीसीच्या गाडीवर तुम्ही ताठ बसत होता, वजन सगळं सीटवर होतं, त्यामुळे गुडघ्यांना काम नव्हतं आणि ती सवय लागलीच नाही. नव्या गाडीत हँडल थोडं खाली आणि पुढे, फूटरेस्ट थोडे मागे. अंग आपोआप पुढे झुकतं. हे गाडीचं वैगुण्य नाही, तिची बैठकच तशी आहे. पण त्या बैठकीत अंग मांड्यांनी आणि कमरेनं धरायचं असतं. हँडल म्हणजे एसटीतली दांडी नव्हे, त्याला लटकायचं किंवा त्यावर रेलायचं नसतं.

मग सीट. तुम्ही कुठे बसता? अशा गाड्यांची सीट बऱ्याचदा पुढे उतरती असते. रेग्झिन गुळगुळीत असेल तर ब्रेक लावता लावता माणूस टाकीला जाऊन चिकटतो आणि स्वतःला मागे ठेवण्यासाठी हातांनी रेटत राहतो. उलट, कुणी फार मागे बसून हात ताणतो, कोपर सरळ होऊन कुलूपबंद होतं आणि खड्ड्याचा दणका थेट खांद्यापर्यंत जातो. कोपरात थोडा बाक राहील अशी जागा शोधा. मागचा शॉकअप डबलसीटसाठी कडक करून ठेवला असेल आणि तुम्ही एकटेच फिरत असाल, तर तो मॅन्युअलप्रमाणे एकट्याच्या खाचेवर आणा. मागची बाजू उंच राहिली की अंग पुढे घसरतं.

मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट पुढच्या खिशात घ्या. एका बाजूला उंच होऊन बसलेला माणूस खांदेही वाकडेच धरतो.

तुमच्या बॅगेबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून विचारतो. सॅम्पल, लिटरेचर, टॅब, पाण्याची बाटली, डबा, हे सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये असतं ना? खांद्यावरचा पट्टा घट्ट बसला की तो मानेतून हाताकडे येणाऱ्या नसांवर दाबतो, शिवाय सगळं वजन तुम्हाला पुढे रेटतं आणि ते शेवटी मनगटांवरच येतं. मागच्या सीटवर जाळीनं किंवा दोऱ्यांनी बांधा, नाहीतर साइड बॅग बसवा. डॉक्टरांना दाखवायची पातळ फाइल तेवढी जवळ ठेवा. माझं मत विचाराल, तर हँडलवर दोन-अडीच हजार घालण्याआधी त्यातले निम्मे एका बऱ्या साइड बॅगवर घाला.

आता हँडल आणि लिव्हर. इथे खरोखर हात घालण्यासारखं आहे आणि ते रविवारी सकाळी तासाभरात होतं.

आधी लिव्हर, कारण ते सोपं आणि त्याचा परिणाम मोठा. शोरूममधून गाडी येते तेव्हा क्लच आणि ब्रेकचे लिव्हर बऱ्याचदा जमिनीला समांतर असतात. तुमचा हात मात्र खांद्यापासून उतरत हँडलपर्यंत येतो. बोटं लिव्हरवर ठेवायला गेलं की मनगट मागे मोडतं. तपासायचं असं: गाडीवर नीट बसा, डोळे मिटा, हात सैल सोडून ग्रिप धरा, आणि बोटं सरळ पसरा. कोपर, मनगट, बोटं एका रेषेत येऊन बोटं लिव्हरवर अलगद पडली पाहिजेत. ती लिव्हरच्या खालून जात असतील तर लिव्हर वर आहे. लिव्हरच्या पकडीचा बोल्ट, बहुतेक गाड्यांत १० नंबरच्या पान्यानं किंवा एल-कीनं, थोडा सैल करा आणि लिव्हर खाली फिरवा. थोडं म्हणजे चार-पाच मिलिमीटर. उगाच तिरका करू नका, विशेषतः डिस्क ब्रेकच्या बाजूला, कारण ऑइलची डबी फार कलती झालेली चालत नाही. आरसा त्याच पकडीवर असेल तर तोही फिरेल, तो पुन्हा जुळवून घ्या. शेजारी बटणांची डबी असते तिला आतून एक खुंटी असते आणि ती हँडलच्या भोकात बसलेली असते. ती डबी जोर लावून फिरवायला गेलात तर खुंटी तुटेल. फक्त लिव्हर फिरवा.

उजव्या हाताची एक गंमत आहे. गाडी उभी असताना मनगट सरळ ठेवून ग्रिप धरली, की हायवेला रेस दिल्यावर मनगट खाली मोडतं आणि तासभर तसंच राहतं. म्हणून रेस बंद असताना मनगट किंचित उंच ठेवून ग्रिप धरा. रेस दिल्यावर ते आपोआप सरळ रेषेत येतं. लिव्हरचा कोनही त्याच स्थितीला जुळवा. रेसची केबल कोरडी पडली असेल किंवा ग्रिप आत घासत असेल, तर रेस धरून ठेवायला जास्त जोर लागतो. हात सोडल्यावर रेस खटकन परत गेली पाहिजे. जात नसेल तर ते आजच दुरुस्त करा, तो हाताच्या आरामाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. दत्त चौकात डावा हात भरतो त्याचं कारणही बहुधा जड झालेली क्लच केबल. तिला तेल द्या, किंवा जुनी झाली असेल तर बदला. क्लचला मॅन्युअलमध्ये सांगितलेली ढील ठेवा. आणि सिग्नलला क्लच दाबून थांबण्यापेक्षा न्यूट्रल करून हात मोकळा करा.

एवढं करून आठवडाभर चालवा. तरीही मनगट मोडतंय असं वाटलं तर हँडल फिरवा. तुमच्या गाडीला एक अखंड नळीचं हँडल असेल तर हे जमतं. स्पोर्ट्स गाड्यांना दोन तुकड्यांचं क्लिप-ऑन असतं, त्यांना हा मार्ग जवळजवळ बंद असतो, त्यांनी बैठकीवर आणि लिव्हरवरच भर द्यावा. हँडल चार बोल्टच्या पकडीत असतं. बऱ्याच हँडलांवर एक बारीक टिंब ठोकलेलं असतं, ते कारखान्यातून ठरवून दिलेलं स्थान. नसेल तर मार्करनं रेघ मारून घ्या, म्हणजे परत यायची वाट राहील. बोल्ट सैल करा, पूर्ण काढू नका. टाकीवर जाड फडकं टाका, हँडल निसटलं तर पत्र्याला पोचा पडतो. हँडल मागे फिरवलं तर ग्रिप जवळ येते पण थोडी खाली जाते. पुढे फिरवलं तर वर जाते आणि लांब जाते. एका वेळी रेघेपासून दोन-तीन मिलिमीटर, जास्त नाही. त्याच्याबरोबर लिव्हरही फिरतात, म्हणून ते पुन्हा जुळवावे लागतात.

बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमानं आणि जोरानं आवळा. जमत नसेल तर गॅरेजमध्ये टॉर्क पान्यानं आवळून घ्या, लाज वाटायचं कारण नाही. मग गाडी सुरू करून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. वळवताना इंजिनचा आवाज चढला तर केबल ताणली जातेय, म्हणजे वळणावर गाडी स्वतःहून रेस घेईल. ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, बोटं टाकीला लागत नाहीत ना, तेही बघा. पहिली चक्कर गल्लीतच मारा, ब्रेक दोनदा दाबून बघा.

एका वेळी एकच बदल करा. लिव्हर, हँडल, ग्रिप, ग्लोव्ह्ज सगळं एकाच रविवारी बदललं तर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही.

ग्लोव्ह्जचं तुम्ही लिहिलंत ते मला पटतं. जेलच्या जाड थरामुळे ग्रिप जाड होते, मग ती धरायला बोटं अधिक आवळावी लागतात. त्यात आकार लहान असेल किंवा मनगटाचा पट्टा करकचून बांधला असेल तर दुखणं वाढतंच. ग्लोव्ह्ज टाकून देऊ नका. पडल्यावर तळहात वाचवायला ते हवेतच. पण पातळ तळव्याचे, शिवण ग्रिपवर न येणारे बघा. पकड अंगठा आणि बोटांनी सैल ठेवा. हायवेला मधूनमधून स्वतःलाच विचारा, आत्ता आपण किती घट्ट धरलंय? समोरून येणारा वारा छातीला मागे ढकलतो, तेव्हा माणूस नकळत हँडल ओढून धरतो. तुम्ही ऐंशीच्या वर जात असाल तर सत्तरवर या आणि फरक बघा. रेस धरून ठेवणारी ती प्लॅस्टिकची पट्टी मिळते, तळहाताच्या टाचेनं दाबायची, ती मात्र नको. आपल्या हायवेला कुठून कधी ट्रॅक्टर उलटा येईल सांगता येत नाही, अशा वेळी हाताच्या धक्क्यानं रेस वाढणं परवडणारं नाही.

डावा हात मोकळ्या रस्त्यावर क्षणभर सोडून बोटं उघडमीट करता येतात, उजव्याला ते शक्य नाही. म्हणून उंब्रजला मुंग्या येतात तर उंब्रजच्या आधी थांबा. दोन मिनिटं उतरा, खांदे फिरवा, मुठी उघडझाक करा. बधिर बोटांनी पुढचा ब्रेक किती दाबला गेला ते कळत नाही, तेव्हा तसंच रेटत साताऱ्यापर्यंत जाऊ नका.

आता मित्राचं उंच हँडल. हे मी शेवटी ठेवलं, कारण ते शेवटीच करायचं. उंच हँडलनं मनगटावरचं वजन कमी होतं, हे खरं. पण अंग ताठ झालं की खड्ड्यांचा मार कण्यावर येतो आणि हायवेला वारा छातीवर जास्त बसतो, म्हणजे हँडल ओढून धरणं वाढतं. शिवाय जुन्या केबल आणि ब्रेकचा पाइप पुरत नाहीत. ते लांबीचे घ्यायचे म्हटलं, ब्रेकची हवा काढून घ्यायची म्हटलं, की दोन-अडीच हजारांचे चार-पाच कधी होतात कळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना मनाई आहे, आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी अशा गोष्टींवर बोट ठेवलं जाऊ शकतं. बाकी सगळं करून, डॉक्टरांचं ऐकून, दोन-तीन महिन्यांनीही अंग पुढेच पडतंय असं दिसलं, तर कंपनीच्याच अधिकृत सुट्या भागांत हँडल थोडं उंच करणारे ठोकळे मिळतात का ते विचारा. ते मिळाले तर वरच्या बऱ्याच कटकटी टळतात.

तुमच्यापेक्षा उंचीनं कमी असलेल्या वाचकांना, विशेषतः नवऱ्याची किंवा भावाची गाडी चालवणाऱ्या महिलांना, एक वेगळी अडचण येते. बोटं लिव्हरपर्यंत नीट पोचतच नाहीत आणि प्रत्येक ब्रेकला हात ताणला जातो. काही गाड्यांच्या लिव्हरला अंतर कमी-जास्त करायचं चाक असतं, ते आधी बघा. नसेल तर तसा लिव्हर त्या मॉडेलसाठी मिळतो का ते विचारा.

गाडी विकावी का? हप्ते चालू असताना पहिल्या वर्षात विकली तर चांगलाच फटका बसेल. स्कूटरवर अंग ताठ राहतं हे वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, पण तिची चाकं लहान, खड्ड्यात जास्त आदळते, आणि रोज शंभर किलोमीटर हायवे आणि घाट करायला मी तरी ती सुचवणार नाही. त्यांच्या सल्ल्याचा दुसरा भाग मात्र पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. या आठवड्यात एका डॉक्टरकडे सॅम्पल न घेता जा, केस पेपर काढा, आणि "बोटं कोणती" या प्रश्नाचं उत्तर लिहून न्या.

रविवारी लिव्हर जुळवलेत, तर पुढच्या शुक्रवार-शनिवारी त्या पकडीचे बोल्ट एकदा पुन्हा आवळून बघा. नवीन जागी बसलेला बोल्ट पहिल्या काही दिवसांत सैल व्हायची शक्यता असते.